मी घातलेला परिच्छेद

मार्च लागला की सदाशिव पेठेला एक वेगळा वास येतो. झेरॉक्सच्या गरम कागदाचा, मेसच्या डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा, आणि बंद खोल्यांत दिवसभर पंख्याखाली बसलेल्या पोरापोरींच्या घामाचा. अभ्यासिकांच्या जिन्यांवर चपलांचे ढीग वाढतात. चहाच्या टपरीवर कपाला तोंड लावतानासुद्धा एक हात पुस्तकात खुणेला घातलेला असतो. झाडांना तांबूस पालवी फुटलेली असते, पण ती काही अभ्यासक्रमात नसते.

दर रविवारी मी वाघोलीहून कर्वेनगरला बाबांकडे जाते, तेव्हा वाट वाकडी करून या पेठेतून जाते. का जाते, ते मला नीट सांगता येत नाही. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघायची सवय असते, तसं असेल.

परीक्षेचा मोसम हा एके काळी माझा मोसम होता. मी हुशार होते. गणितात होते तशीच मराठीतही होते, आणि मराठीतली हुशारी जास्त धोक्याची असते हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या बाई सांगायच्या, “परीक्षकासमोर पेपरांचा गठ्ठा असतो गं. तो कंटाळलेला असतो. त्याला पहिल्या चार ओळींत हलवलं पाहिजे.” मी हलवायचे. न पाहिलेला पूर मी पाहिला, न गेलेल्या भावंडासाठी रडले, आणि एका निबंधात तर आमची गाय विकली. आम्ही राहायचो दुसऱ्या मजल्यावर. निबंधाखाली लाल शाईत शेरा यायचा, ‘भावनेचा ओलावा सुंदर.’

तो ओलावा मग माझ्या हातालाच लागून राहिला.

बारावीची परीक्षा संपली, त्या वर्षाचा उन्हाळा मला अजून अंगावर आठवतो. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ झाले होते. ज्यांच्या पट्ट्याला पेजर असे, ते लोक उगीचच शर्ट खोचून हिंडायचे. भिंतीभिंतीवर कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती होत्या, आणि अमेरिकेला गेलेल्या कुणाच्या तरी भाच्याची गोष्ट घरोघर सांगितली जात होती. त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी एक पुस्तक लिहून पुरं केलं.

बाबा टेलिफोन खात्यात केबल जोडायचे. पुढे सुपरवायझर झाले, तरी खड्ड्यात उतरायचं त्यांनी सोडलं नाही. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना मेणाचा आणि वितळलेल्या शिशाचा वास यायचा. शेकडो बारीक तारा, प्रत्येकीला कागदाचं वेष्टण. एकेक जोडी ओळखून जोडायची, वर गरम मेण ओतायचं, मग शिशाची नळी चढवून बंद करायची. पाणी शिरलं की अख्ख्या आळीचे फोन मुके. बाबांना पुणं रस्त्यांवरून आठवायचंच नाही, खालून आठवायचं. एखाद्या चौकातून स्कूटर नेताना ते म्हणायचे, “इथं खाली जुनी विहीर आहे. केबल तिला वळसा घालून जाते.”

ते सगळं त्यांनी लिहिलं होतं. रेघांच्या फुलस्केप कागदांवर, निळ्या शाईत, अकरा प्रकरणं. नाव दिलं होतं, ‘जमिनीखालचं शहर’. त्यात एक आजीबाई होत्या. वर्षानुवर्षं नंबर लावून त्यांना फोन मिळाला, तेव्हा फोन करावा असं ओळखीचं कुणीच हयात उरलं नव्हतं. मग त्या रोज खात्यालाच फोन करून विचारायच्या, लाइन चालू आहे ना? त्यात एक गृहस्थ होते. बाबा त्यांच्या दारातल्या खड्ड्यात उभे असताना त्यांनी ओट्यावरून आडनाव विचारलं. बाबांनी लिहिलं होतं, ‘मी म्हणालो, लाइन चालू झाली, बोलून बघा. त्यांनी रिसीव्हर आधी धोतराला पुसला, मग बोलले.’ एवढंच. पुढच्या ओळीत लगेच दुसऱ्या आळीची केबल. आणि एक प्रकरण नुसतं ऐकण्यावर होतं. जोड तपासताना कानाला हँडसेट लावला की पेठ बोलायला लागायची. भांडणं, सोयरिकी, मरणाचे निरोप. ‘ऐकलेलं वर आणायचं नाही, खड्ड्यातच ठेवायचं,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

एप्रिलमध्ये आम्ही ते बाड घेऊन सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशकांकडे गेलो. त्यांना सगळे वसंतराव म्हणत. खाली दुकान, वर कचेरी. पांढरा बुशशर्ट, मऊ आवाज. ते स्वतः घेतात त्याच कपांतून त्यांनी आम्हाला चहा दिला, आणि तो दिल्याचं आमच्या लक्षात आलं की नाही, तेही चष्म्यावरून पाहून घेतलं. बाड त्यांनी आधीच वाचलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

“अक्षर सुरेख आहे तुमचं,” ते म्हणाले.

“नकाशे काढायची सवय,” बाबा म्हणाले.

“लिहिलंयही नेटकं. पण काशिनाथराव, टेलिफोन कोण वाचणार? आता फोन काय, पानाच्या गादीवरसुद्धा येईल.”

“म्हणूनच लिहिलं. पुढं कोणाला कळणार नाही, खाली काय होतं ते.”

“तुम्ही तुमचं आयुष्य लिहा हो. केवढा ऐवज आहे तुमच्याजवळ! आमच्यासारख्यांकडे काय आहे सांगायला? तुम्ही सोसलंय.”

“हे आयुष्यच आहे,” बाबा म्हणाले. “सव्वीस वर्षं खड्ड्यात काढलीत मी.”

वसंतराव मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग पुढे सरकून म्हणाले, “निदान आईवर एक प्रकरण द्या. गाव, वस्ती, धर्मांतर. त्याच्या आधारानं हे टेलिफोनचं पण जाईल.”

परतताना बाबांनी रसाच्या गुऱ्हाळापाशी स्कूटर थांबवली. ग्लास हातात धरून ते घुंगरं बांधलेल्या त्या चरकाकडे बघत होते. मी म्हणाले, “बाबा, एकच तर प्रकरण आहे. लिहा ना आजीवर. पुस्तक तर निघेल.”

“ती वाचायला येणार नाही, म्हणून लिहायचं?”

“असं नाही हो.”

“मग कसं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रस संपवला.

पण त्यांनी लिहिलं. आठ पानं. आजी, सोनाबाई, मी पहिलीत असताना गेली. मला तिची आठवते फक्त ताठ पाठ, आणि कुणी घरात आलं की आधी खाली नीट बसून मग बोलायला लागायची तिची रीत. बाबांनी तिच्याबद्दल लिहिलं, ते खात्याच्या अहवालासारखं. त्यातल्या ओळी मला अजून पाठ आहेत. त्या मी इथे जशाच्या तशा देते:

‘धर्मांतर करून परत आल्यावर आईनं भाकरी मागायचं टोपलं चुलीत घातलं. त्या जाळावर तापलेल्या पाण्यानं तिनं आम्हा तिघा भावंडांना अंघोळ घातली. त्यानंतर ती कोणाच्या दारात गेली नाही. काही दिवस आम्ही हुलग्याचं माडगं प्यायलो. मग ती खडी फोडायला जाऊ लागली.’

यानंतर खडी फोडण्याची मजुरी कोण कशी मोजून द्यायचं, त्याची दोन पानं.

मे महिन्यात मी वसंतरावांच्या कचेरीत बसून पुस्तक टाइप करायला लागले. त्यांचीच कल्पना. “मुलगी कॉम्प्युटर शिकतेय ना? मग तिलाच करू दे. बाहेर कशाला द्यायचं?” कचेरीच्या मागच्या अंगाला एक खोली होती. चपला काढून आत जायचं. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं झाकण, आणि त्याला गरम होऊ नये म्हणून खिडकीत एसी. माझ्या आयुष्यातला पहिला एसी. बाहेर पेठ तापलेली, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, बाबा कुठल्यातरी खड्ड्यात, आणि मी गारव्यात बसून त्यांच्या आईचं प्रकरण टाइप करतेय. सुख वाटत होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

एका दुपारी वसंतराव मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर टोपल्याच्या त्याच ओळी होत्या.

“कोरडं आहे गं,” ते म्हणाले. “एवढा मोठा प्रसंग, आणि चार वाक्यांत आटोपलाय. पोरं उपाशी आहेत. आईचं काय होत असेल? तिच्या पोटात तुटलं नसेल? बाबांना नाही जमायचं ते, त्यांना जवळचं आहे. तू बघ जरा. तू त्यांची मुलगी, तुला आतून कळेल.”

मला आतून काहीच कळलं नाही. कळलं ते एवढंच, की परीक्षकाला काय हवंय. वीसेक मिनिटं लागली असतील. मी लिहिलं:

‘तिन्हीसांजेची वेळ होती. धाकटा भुकेनं रडून रडून निजला होता. आई उठली. कालच ज्या दारांकडे तिनं पाठ फिरवली होती, त्यांतल्याच एका दारामागे ती अंधारात उभी राहिली. परतली तेव्हा तिच्या पदराआड भाकर होती. ती आम्ही खाल्ली. आईनं मात्र तोंड फिरवलं होतं.’

वसंतरावांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हात आहे तुला,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पुस्तकाला नावच मिळालं की. ‘पदराआडची भाकर’.”

मी विचारलं होतं, “बाबांना विचारायला नको?” मी हे विचारलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. त्यावर ते म्हणाले, “प्रुफं त्यांच्याकडेच जाणार आहेत. बघतील की.”

प्रुफं माझ्याच हाती घरी आली. टेलिफोनच्या अकरा प्रकरणांपैकी आता दोनच उरली होती. पानं वाढत होती म्हणे, छोटं पुस्तक लवकर खपतं. बाबा पावसाळ्याआधीच्या कामांत बुडाले होते. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. तो गठ्ठा टीव्हीखालच्या फळीवर आठवडाभर पडून होता. एका संध्याकाळी हात पुसत त्यांनी विचारलं, “सुजा, हे सगळं तूच टाइप केलंस ना?”

“हो.”

“म्हणजे वाचलंयस.”

“हो.”

“मग मी परत काय बघू?” म्हणून त्यांनी वरच्या कागदावर सही केली.

तेवढ्यात मला बोलता आलं असतं. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, लाटण्याचा आवाज येत होता. मी त्या आवाजाकडे लक्ष दिलं.

जूनमध्ये माझा निकाल लागला. मराठीत मी कॉलेजात पहिली आले. पुस्तक पुढच्या महिन्यात निघालं. टिळक रस्त्याजवळच्या एका लहान सभागृहात प्रकाशन होतं. ओल्या छत्र्या दाराशी उभ्या केलेल्या, खुर्च्या भरलेल्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कागद सोडवून पुस्तक त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी नाव वाचलं. मुखपृष्ठावर सुरकुतलेला हात आणि त्यात अर्धी भाकर. त्यांनी ते उलटं करून मागचं वाचलं, पुन्हा सुलटं केलं आणि मांडीवर ठेवलं. मग एका वक्त्यांनी माझा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. वाचता वाचता त्यांचा आवाज दाटला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मी बाबांकडे पाहत नव्हते. मी त्या रुमालांकडे पाहत होते, आणि खोटं कशाला सांगू, माझी छाती भरून आली होती.

बाबांना बोलायला सांगितलं. ते माईकजवळ गेले. “पुस्तकाची छपाई चांगली आहे,” ते म्हणाले. “शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. टाइप माझ्या मुलीनं केलंय.” आणि येऊन बसले. टाळ्या पडल्या. लोक म्हणाले, किती साधा माणूस.

पुस्तक चाललं. कुठल्या कुठल्या गावांहून पत्रं यायची. बाबा प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकायचे, ‘पत्र मिळालं. आभार.’ कॉलेजांतून बोलावणी आली, त्या भाकरीचा प्रसंग सांगा म्हणून. ते कळवायचे, रजा नाही. नव्या आवृत्तीच्या प्रती आल्या की गठ्ठा न सोडता माळ्यावर ठेवायचे. घरात या विषयावर एक शब्द निघाला नाही. त्यांना पत्ता लागला नसेल, एवढं बारकाईनं त्यांनी वाचलंच नसेल, असं मी मनाशी घट्ट धरलं. ज्या माणसाला हजार तारांतली एक तुटकी तार हाताला लागायची, त्याला आपल्या आठ पानांत घुसलेली सात वाक्यं दिसली नसतील!

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. मी इंजिनिअर झाले, खराडीच्या काचेच्या इमारतींत गेले. तिथे मी दिवसभर इंग्रजीत मेल लिहिते आणि त्यांतही लोकांना हवं तेच असतं. बाबांच्या खात्यात मोबाइल आले, मग त्यांची निवृत्ती आली. त्यांनी जोडलेलं मैलोन्मैल तांबं पुण्याखाली मुकं पडलंय. कुठे रस्ता खणताना निघतं, तेव्हा मजूर ते तोडून भंगारात घालतात. गाळलेली नऊ प्रकरणं मी कधी टाइपच केली नव्हती. फार नंतर, लाज वाटून, मी वसंतरावांकडे ते कागद मागितले. ते थकले होते, त्यांना आठवेना. कचेरी हलवली तेव्हा जुने कागद रद्दीत गेले, असं तिथल्या कुणीतरी सांगितलं.

आता पुस्तकांच्या जगात काय काय बदललं यावर पुष्कळ बोललं जातं. पूर्वीचे प्रकाशक बाड वाचायचे, लेखकाला घडवायचे, आता ती माणसं राहिली नाहीत, असा सूर असतो. मी अशा सभांना मागच्या खुर्चीत बसून ऐकते. वाचायचे, अगदी खरं आहे. वाचायचे म्हणूनच तर माझ्या आजीला त्या दारामागे उभं राहावं लागलं. आता कोणी वाचत नाही, त्यामुळे निदान कोणी बदलत तरी नाही. लेखकानं दिलेलं जसंच्या तसं छापतात, खर्च लेखकाचाच असतो. छापून आलं की मोबाइलवर फोटो: लेखक, लेखकाचा मेहुणा, हातात पुस्तक. आठवड्यानं नवा फोटो, नवं पुस्तक.

परवा एका ग्रंथप्रदर्शनात गेले होते. टेबलांमागे टेबलं. श्रीमंत व्हा, शांत व्हा, पहाटे उठा. त्याच्या पलीकडे नवीन आत्मकथनं. मी एकेक पुस्तक उलटं करून मागचा मजकूर वाचत गेले. ‘हृदय पिळवटून टाकणारं.’ ‘वाचताना डोळे पाणावतात.’ सगळ्यांचे डोळे पाणावत होते. शेजारची कॉलेजातली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “ही स्टोरी खूप सॅड आहे, घे.” कोणाच्या घरातली ताठ पाठ कोणी वाकवली असेल, ते मागच्या मजकुरावरून कळत नाही.

माझ्या भावाची मुलगी यशोधरा राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते. पेठेत कॉटबेसिसवर राहते. या मार्चमध्ये एका रविवारी मी तिला डबा द्यायला गेले, तर ती अभ्यासिकेच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आली.

“आत्या, हे बघ काय! आजोबा गाइडमध्ये आलेत!”

नव्या छापाचं जाड मार्गदर्शक पुस्तक. ‘पुढील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्या.’ खाली माझी सात वाक्यं. त्याखाली प्रश्न: लेखकाच्या आईने भाकर पदराआड का लपवली? पर्याय होते भीतीमुळे, लाजेमुळे, मायेमुळे आणि सवयीमुळे.

“मी मायेमुळे टिक केलं,” ती म्हणाली. “बरोबर आहे ना? तुला तर माहीतच असेल.”

तिचा चेहरा उजळला होता. आजूबाजूच्या मुलामुलींना तिनं सांगितलंही होतं, ही माझी पणजी. मी डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, भाजी गरम आहे तोवर खा.

ते गाइड वसंतरावांच्याच दुकानातून निघालं होतं. वसंतराव जाऊन काही वर्षं झाली. आता मुलगा, मंदार, बघतो. मी तिथूनच तिकडे गेले. दुकानात कथा-कादंबऱ्यांचं एकही कपाट नव्हतं. जमिनीपासून छतापर्यंत स्पर्धा परीक्षा. मंदार मोबाइलवर बोटं फिरवत होता. मी ओळख सांगितली. तो लगबगीनं उठला, खुर्ची दिली, माझ्या वडिलांविषयी आदरानं बोलला.

“तुमच्या गाइडमधला तो उतारा काढा,” मी म्हणाले.

“नो प्रॉब्लेम, मॅडम. पुढच्या एडिशनला दुसरा टाकू. परवानगीचा इश्यू आहे का? बाबांनी पूर्वीच सही दिली होती, पण तरी—”

“परवानगीचं नाही. तो खोटा आहे.”

“आत्मचरित्र आहे ना ते?”

“तेवढा परिच्छेद वडिलांचा नाही. मी लिहिलाय. तुमच्या वडिलांनी सांगितलं म्हणून. असं काही झालंच नव्हतं. आजी कोणाच्या दारात गेली नव्हती.”

त्यानं मोबाइल खाली ठेवला. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. निदान दचकेल.

“म्हणजे तुम्ही लिहिता?” तो म्हणाला. “वॉव. मॅडम, मुलं रडतात हो तो उतारा वाचून. मग तुमचं स्वतःचं करूया ना काहीतरी. आपल्या पॅकेजमध्ये एडिटिंग, कव्हर, लॉन्चचा व्हिडिओ, सगळं येतं.” मग त्याला आणखी सुचलं. “नाहीतर हेच लिहा! मुलीनं इतक्या वर्षांनी सांगितलेलं सत्य. हे तर तुफान चालेल.”

तो थट्टा करत नव्हता. वाईट माणूस नाही तो. त्यानं मला पाणी विचारलं, दारापर्यंत सोडायला आला.

मी रिक्षा करून कर्वेनगरला गेले. बाबा बाल्कनीत बसले होते. आई गेल्यापासून ते दुपारचे तिथेच बसतात, सोसायटीच्या फाटकाकडे तोंड करून. त्यांचा हात आता थरथरतो. मी समोर वेताच्या मोड्यावर बसले आणि सगळं सांगितलं. एसीची खोली, वीस मिनिटं, प्रुफांचा गठ्ठा, मी म्हटलेलं ते ‘हो’, यशोधराचं गाइड, मंदार. इतक्या वर्षांचं सगळं बोलायला फार वेळ लागला नाही.

मी थांबले. फाटकातून कोणाची तरी गाडी आत आली, वॉचमननं फाटक लावलं.

“मंदार काय म्हणाला मग?” त्यांनी विचारलं.

“उतारा काढतो म्हणाला. त्याजागी दुसरा घालणार.”

“कोणाचा?”

“ते मी नाही विचारलं.”

“विचारायचं होतंस,” बाबा म्हणाले. “त्या लेखकालाही असेल एखादी हुशार मुलगी.”

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, हात पुढे केला नाही. मग म्हणाले, “मी सभागृहात बसल्या बसल्या मागच्या पानावर वाचलं होतं ते. ते गृहस्थ माईकवरनं वाचायच्या आधी. तुझ्याकडे पाहिलं मी. तू लोकांकडे बघत होतीस. खूश होतीस.”

“मग बोलला का नाहीत? रागावला का नाहीत, बाबा?”

“कोणाला काय सांगणार होतो? माझी मुलगी खोटं लिहिते म्हणून? का माझी आई चोरून मागत नव्हती, हे घरोघर पत्र टाकून कळवणार होतो? आईला ओळखणारे माझ्या दोन्ही भावांसकट गेले. आता मी एकटा आहे. मी गेलो की ती तुझ्या पुस्तकातली राहील. त्या दाराच्या मागं उभी.”

‘तुझ्या पुस्तकातली’ म्हणाले ते.

मी डोळे पुसले. पर्समधून वही काढली. ऑफिसच्या मीटिंगला नेते ती, अर्धी कोरी असलेली. म्हटलं, “बाबा, मला सांगा. तुम्ही बोला, मी उतरवून घेते. आजी कशी होती, टोपलं जाळलं तेव्हा काय म्हणाली, सगळं. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. जसंच्या तसं.”

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“नको,” ते म्हणाले. “तू फार चांगलं लिहितेस.”